तानपुऱ्यातला तीव्र मध्यम: इंदूरच्या एका घरातला स्वस्त फोनो प्रीअ‍ॅम्प

तक्रार तिहेरी होती. रेकॉर्ड लावली की आवाज फाटतो. बास नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत. आणि सुई उचलून ठेवली तरी स्पीकरमधून ‘घूं’ चालूच राहतं. घर इंदूरला रामबागेत, जुन्या बांधणीचं. ऐकणाऱ्या काकू, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. जुळवाजुळव सगळी त्यांच्या भाच्याची. तो विजयनगरला नोकरी करतो आणि रविवारी मावशीकडे जेवायला येतो. ऑडिओची दुरुस्ती हा माझा जुना नाद, त्यामुळे निरोप माझ्याकडे आला. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की यातली एकही अडचण दुर्मीळ नाही, आणि यातली एकही अडचण महागडा प्रीअ‍ॅम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारी डबी) आणून सुटली नसती.

घरात काय होतं

रेकॉर्डचा संग्रह काकांचा. ख्यालगायनाच्या एलपी, नाट्यपदांच्या छोट्या ईपी, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत दोन-तीन डझन ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. इंदूरचं घर म्हटल्यावर अमीर खाँसाहेब असणारच, देवास शेजारी म्हणून तिथले कुमार गंधर्वही होतेच. पूर्वी हे सगळं एका सुटकेसवजा प्लेअरवर वाजायचं. तो बंद पडला तेव्हा भाच्यानं तीन वेगांचा, डायरेक्ट ड्राइव्हचा नवा टर्नटेबल आणला. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई हे एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या हालचालीची वीज करणारा भाग). जोडीला छोटा स्टिरिओ अ‍ॅम्प आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. अ‍ॅम्पला फोनो इनपुट नव्हता, नुसते लाइन इनपुट, सीडी प्लेअरसारख्या मोठ्या सिग्नलसाठीचे. ‘टर्नटेबलला प्रीअ‍ॅम्प लागतोच’ असं ऑफिसात कुणी तरी सांगितलं, म्हणून त्यानं ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसली ती डबी मागवली. डबीवर नाव असं धड नव्हतंच.

काकूंचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. “आमच्या जुन्या प्लेअरला असली डबी कुठे लागायची? सुई टेकवली की गाणं सुरू.”

जुन्या पेटीतल्या प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअप असायचं. ते सुईच्या हालचालीवर थेट काहीशे मिलिव्होल्ट देतं, आणि सुई खाचेत किती सरकली यावर त्याचा आवाज ठरतो. रेकॉर्ड कापताना खालचे आणि वरचे स्वर जसे कमीजास्त केलेले असतात, त्याची भरपाई अशा पिकअपमध्ये ढोबळमानानं आपोआप होते. एमएम कार्ट्रिजचं तसं नाही. त्यात चुंबक आणि गुंडाळी असते, त्यामुळे सुई किती वेगानं हलली यावर व्होल्टेज ठरतं. ते येतं किती? व्हीएम९५ईचं ४ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. म्हणजे पाचशेपट फरक.

आणि नुसतं वाढवून भागत नाही. एलपी कापताना मंद्रातले स्वर दाबतात, नाही तर खाच इतकी डुलेल की तबकडीवर गाणं मावणार नाही. तारातले स्वर वाढवतात, म्हणजे वाजवताना ते परत खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. हे किती दाबायचं आणि किती चढवायचं याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ मध्ये ठरलं. प्रीअ‍ॅम्पनं बरोबर त्याच्या उलट करायचं: १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डीबी (डेसिबल) वर, २० हजार हर्ट्झला सुमारे २० डीबी खाली. म्हणजे फोनो प्रीअ‍ॅम्पकडे दोन कामं असतात, आवाज शंभरेकपट करणं आणि हा उतार उलटा लावणं. दोन्ही कामं आज एखाद्या स्वस्त आयसीला (चिपला) नीट जमतात. किंमत वाढते ती बहुतेक वीजपुरवठा, डबीचा पत्रा, जोडणीच्या सोयी आणि नावासाठी.

फाटणारा आवाज

हे कोडं टर्नटेबल पुढे ओढताक्षणी सुटलं. मागच्या बाजूला एक बारीक सरकता स्विच होता, एका टोकाला फोनो, दुसऱ्या टोकाला लाइन. तो लाइनवर होता. म्हणजे टर्नटेबलच्या पोटात प्रीअ‍ॅम्प आहे आणि तो चालू आहे. त्यातून निघालेला आवाज भाचा पुन्हा एका प्रीअ‍ॅम्पमध्ये घालत होता.

हिशेब करून बघा. आतल्या प्रीअ‍ॅम्पनं ४ मिलिव्होल्टचे पाव व्होल्टच्या आसपास केले. बाहेरच्या डबीनं ते पुन्हा शंभरपट करायचे म्हणजे पंचवीस व्होल्ट. बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी डबी ते आणणार कुठून? लाटांचे माथे सपाट होतात आणि आवाज फाटतो. शिवाय आरआयएएचा उतार दोनदा लागला: खालचे स्वर दुप्पट फुगलेले, वरचे दुप्पट दाबलेले. बास घुमतो आणि शब्द कळत नाहीत, ही काकूंची तक्रार या एका वाक्यात बसते.

स्विच फोनोवर केला. फाटणं थांबलं, शब्द ऐकू आले. मात्र घूं आधीपेक्षा जास्त झालं.

घूं

या प्रकरणाचा खरा गाभा हाच, आणि तो उलगडला तो माझ्या मीटरपेक्षा काकूंच्या कानांमुळे.

त्यांचं म्हणणं असं होतं की काही रेकॉर्ड खराब झाल्या आहेत, सगळ्या नाहीत. एका गायकाच्या एलपीवर तानपुरा बेसूर लागतो, दुसऱ्याच्या एलपीवर ठीक वाटतो पण डुलतो. भाच्याला यात काही अर्थ दिसत नव्हता. त्याच्या मते दोन्हीकडे सारखीच घरघर होती. मी काकूंना म्हटलं, बेसूर म्हणजे नेमकं काय ते सांगा. त्यांनी पेटी काढली, रेकॉर्डबरोबर षड्ज जुळवला. काळी एक. मग कान देऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, तानपुऱ्यात हा तीव्र मध्यम कुणी लावलाय? आणि तोसुद्धा चढा.”

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर ५०, १००, १५० अशा पटींत येते. छोट्या स्पीकरमधून ५० फारसा ऐकू येत नाही, १०० नीट ऐकू येतो. पेटीवरची पांढरी पाच, मंद्रातली, साधारण ९८ हर्ट्झची. म्हणजे विजेची घरघर ही पांढरी पाचच्या किंचित वर लागलेली एक अखंड तार आहे. गायकाचा षड्ज काळी एक असेल तर पांढरी पाच येते तीव्र मध्यमावर, शुद्ध मध्यम आणि पंचम यांच्या मधल्या सुरावर. यमन चालला असेल तर एक वेळ खपून जाईल. काकूंच्या रेकॉर्डवर शुद्ध मध्यमाचा राग होता, तिथे ती काट्यासारखी टोचणारच. षड्ज पांढरी एक असेल तर तीच घरघर पंचमावर बसते आणि तानपुऱ्यात लपते. फक्त लपताना जरा चढी असते, ९८ आणि १०० यांच्यात सेकंदाला दोनेक आंदोलनं पडतात. काकूंना दुसऱ्या एलपीवर जे डुलणं जाणवत होतं ते हेच. भाचा टर्नटेबलचा वेग हलतोय असं समजून तो परत पाठवायच्या तयारीत होता.

अशी शंका आली तर दोन साध्या चाचण्या आहेत. एक, सुई उचला: घूं राहिलं तर ते रेकॉर्डमधलं नव्हे. ही चाचणी सगळ्यांना माहीत असते. दुसरी कमी लोक करतात. टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची पट्टी असेल तर रेकॉर्ड चालू असताना ती सरकवा. गाणं चढेल-उतरेल. घूं गाण्याबरोबर सरकलं तर ते रेकॉर्डिंगच्या वेळचं, स्टुडिओतलं. त्यावर आपल्याकडे उपाय नाही. जागचं हललं नाही तर ते आपल्या घरातलं. काकूंकडचं हललं नाही.

ही घरघर फोनोमध्येच एवढी का होते, टीव्हीच्या आवाजात का नाही, असं भाच्यानं विचारलं. कारण आरआयएएच्या उलट उतारात ५० हर्ट्झच्या आसपासचा भाग १००० हर्ट्झपेक्षा १७ डीबीनं जास्त वाढवला जातो, म्हणजे सातपट. प्रीअ‍ॅम्पला तो मंद्र स्वर आहे की वीज मंडळाची देणगी, हे कळत नाही.

कारणं तीन निघाली.

पहिलं अर्थच्या वायरचं. टर्नटेबलमधून दोन आरसीए पिनांबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला चिमटा असतो. ती प्रीअ‍ॅम्पच्या जमिनीच्या (अर्थच्या) स्क्रूला लावायची असते. स्विच लाइनवर असताना तिच्यावाचून चालून जातं, फोनोवर चालत नाही. भाच्यानं ती गुंडाळून रबर लावून ठेवली होती, कारण डबीला स्क्रूच नव्हता. मी काकूंना टोनआर्मच्या धातूला बोट लावायला सांगितलं. घूं निम्म्यावर आलं. बोट काढलं, परत वाढलं. बोट लावून घरघर कमी होत असेल तर अर्थ जोडलेला नाही, हे खुशाल धरून चालावं. तात्पुरती ती वायर डबीच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला टेकवून धरली, तोच परिणाम झाला.

दुसरं जागेचं. कपाटाच्या एका खणात अ‍ॅम्प आणि बरोबर त्याच्या डोक्यावरच्या खणात टर्नटेबल. मोटर बंद ठेवून, आवाज वाढवून, आर्म हातानं हळूहळू बाहेरून आत नेला: मध्याकडे जाताना घूं वाढत गेलं. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर नेमका त्या बाजूला होता आणि कार्ट्रिजच्या गुंडाळ्या त्याचं चुंबकीय क्षेत्र उचलत होत्या. या घरघरीला कुठलीही अर्थिंग बरी करत नाही. अंतर हाच इलाज. टर्नटेबल शेजारच्या ओट्यावर हलवला.

तिसरं कारण टीव्हीचं. सेट-टॉप बॉक्सचा आवाज त्याच अ‍ॅम्पमध्ये आणलेला होता आणि बॉक्सला बाहेरून येणारी केबल. ती केबल स्वतःची वेगळी जमीन घेऊन घरात येते. अ‍ॅम्पची जमीन वेगळी. दोन जमिनींमध्ये बारीक प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये जरा कर्कश, १०० हर्ट्झचं गुणगुणणं येतं. केबल उपटली, गुणगुण गेली. आता बॉक्सचा आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. मालिका स्टिरिओवर ऐकायची काकूंना मुळीच हौस नव्हती, त्यामुळे असा फेरा तोडणाऱ्या आयसोलेटरचा खर्च वाचला.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अशी दोन जमिनींमधल्या फेऱ्याची, म्हणजे लूपची घरघर घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि घरघर खरंच जाते. पण अ‍ॅम्पच्या पत्र्यात कधी वीज उतरली तर ती जायला वाट उरत नाही. रामबागेतल्या या घरात वायरिंग जुनं, काही सॉकेट दोन पिनांचेच. आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, महाराणी रोडवरून एक चांगला तीन पिनांचा बोर्ड आणला, आणि टर्नटेबल, प्रीअ‍ॅम्प, अ‍ॅम्प असे तिघंही एकाच सॉकेटवर घेतले.

निवड

एवढं झाल्यावर भाच्यानं विचारलं, मग डबी हवीच कशाला? टर्नटेबलच्या पोटातला प्रीअ‍ॅम्प आहेच की. बरोबर होतं त्याचं. मी तेच करायला सांगितलं: डबी बाजूला ठेवा, स्विच लाइनवर, थेट अ‍ॅम्पला जोडा, आणि काही आठवडे ऐका. ज्याला नवीन टर्नटेबलवर दहा-बारा रेकॉर्ड ऐकायच्या आहेत त्यानं इथेच थांबावं असं माझं मत आहे. पोटातला प्रीअ‍ॅम्प हिणवायची फॅशन आहे, पण त्यात काही चोरी नसते.

काकूंना दोन गोष्टी खटकल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक, विलंबितात, विशेषतः खाँसाहेबांच्या मंद्रातल्या आलापीत, गाण्यामागे बारीक ‘स्स’ राहायची. ज्या गायकीत दोन सुरांच्या मधली शांतता ऐकायची असते तिथे ही स्स वाद्यमेळाच्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. दुसरी गोष्ट भाच्यानं पाहिली. स्पीकरची जाळी काढल्यावर वूफरचा कागद आतबाहेर पंप होत होता, आणि त्या हालचालीचा आवाज मात्र काहीच नव्हता. दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, एकदा जोरात. काकांच्या बऱ्याच एलपी ट्रंकेजवळ आडव्या रचलेल्या होत्या, इंदूरच्या मे महिन्यात. वाकल्या होत्या. वाकलेल्या तबकडीवर सुई वरखाली होते आणि त्यातून २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न कळणारा सिग्नल निघतो. प्रीअ‍ॅम्प तोही इमानदारीत वाढवतो, अ‍ॅम्पची ताकद त्यात खर्च होते, वूफर थरथरत असताना वरचं गाणं गढूळ होतं.

तेव्हा नव्या डबीकडून काय हवं ते ऐकण्यातूनच ठरलं. एमएमपुरती असली तरी चालेल. अर्थचा स्क्रू हवाच. खालचं कापणारा लो-कट हवा. गेन, म्हणजे सिग्नल कितीपट वाढवायचा ते, थोडं कमीजास्त करता यावं. आणि आत किती कॅपॅसिटन्स (विद्युतधारिता, ती पीएफ म्हणजे पिकोफॅरडमध्ये मोजतात) आहे ते निर्मात्यानं लिहिलेलं असावं. बजेट सगळ्या वायरांसकट दहा हजारांच्या आत.

आलेल्या त्या बिननावाच्या डबीचं काय, हा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. तिचा आवाज मी लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेतला आणि सुई उचललेली असतानाचा स्पेक्ट्रम काढला. ५० हर्ट्झचा सुळका अर्थ टेकवल्यावर खाली गेला, तरी वर काही हजार हर्ट्झवर एक शिट्टी उरली. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर ती गेली. म्हणजे सर्किट बरं होतं, अ‍ॅडॅप्टर फालतू होता. पण अर्थचा स्क्रू नसलेली फोनोची डबी सुधारत बसण्यात राम नाही.

यादीत नावं अशी होती. बेरिंजरचा पीपी४०० सगळ्यात साधा: आत-बाहेरच्या पिना, अ‍ॅडॅप्टर, बाकी खुंटी नाही, बटण नाही. सरळ रेकॉर्ड असलेल्या माणसाला मी तोच सांगतो. रेगाच्या फोनो मिनी ए२डीला यूएसबी आहे, ज्याला रेकॉर्ड संगणकावर उतरवायच्या आहेत त्याला सोयीचा. प्रो-जेक्टचा फोनो बॉक्स ई नीटनेटका, पण लो-कट वगैरे मागणाऱ्यासाठी नव्हे. भाच्याचा जीव एका व्हॉल्व्हवाल्या डबीवर जडला होता, कारण तिच्यातले दिवे छान दिसतात. दिसतात खरे. शेवटी आर्ट (एआरटी) कंपनीचा डीजे प्री २ ठरला: गेनची खुंटी, लो-कटचं बटण, १०० किंवा २०० पीएफची निवड, आणि सिग्नल जास्त झाला तर लागणारा दिवा. नाव डीजेंचं आहे म्हणून काकू जरा बिचकल्या, पण बटणं सगळी त्यांच्या कामाची होती.

जोडणी, आणि तीन मीटरची वायर

नवी डबी आल्यावर भाच्यानं ती अ‍ॅम्पशेजारी ठेवली आणि ओट्यावरच्या टर्नटेबलपासून तिथपर्यंत तीन मीटरची जाड, देखणी आरसीए वायर टाकली. घूं नव्हतं. स्सही बरीच कमी झाली होती. पण नाट्यपदांतला ‘स’ आणि ‘श’ कानाला लागायला लागला, झांजेला धार आली, आणि भाचा मला म्हणाला, “डिटेल किती वाढलं बघा काका!” काकू म्हणाल्या, “दात दिसायला लागलेत बाईचे.”

एमएम कार्ट्रिजच्या गुंडाळीचं इंडक्टन्स मोठं असतं, व्हीएम९५ईचं ५५० मिलिहेन्री. ते वायरच्या आणि प्रीअ‍ॅम्पच्या कॅपॅसिटन्सबरोबर मिळून एक अनुनाद तयार करतं. निर्माता सांगतो, एकूण १०० ते २०० पीएफ ठेवा. २०० पीएफला अनुनाद १५ हजार हर्ट्झच्या आसपास येतो, तिथे तो फारसा त्रास देत नाही. ४०० पीएफ झाले तर तो १०-११ हजारांवर उतरतो. तिथे उंचवटा तयार होतो आणि त्याच्यापुढे आवाज झपकन घसरतो. सकार नेमके याच्या आसपास राहतात. साधारण आरसीए वायर मीटरला शंभरेक पीएफ घेते. तीन मीटरचे तीनशे, वर डबीतले शंभर. झाले चारशे.

उपाय फुकटचा होता: डबी टर्नटेबलला खेटून ठेवायची, त्यांच्यामध्ये छोटी वायर, आणि लांब वायर डबीच्या पुढे, अ‍ॅम्पपर्यंत. प्रीअ‍ॅम्पमधून बाहेर पडल्यावर सिग्नल मोठा आणि दमदार असतो, तिथे तीन मीटर वायरचं ओझं त्याला कळत नाही. कॅपॅसिटन्सचं बटण १०० वर. ‘श’ शहाणा झाला. तीच महागडी वायर, फक्त प्रीअ‍ॅम्पच्या दुसऱ्या बाजूला.

गेनची खुंटी लावायची रीत सोपी. घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची रेकॉर्ड लावा. बारा इंची ४५ असेल तर उत्तम. इशाऱ्याचा दिवा लागेपर्यंत वाढवा, मग चांगली मागे आणा. ४० डीबी म्हणजे शंभरपट. ४ मिलिव्होल्टचे ४०० होतात, पण गाण्याचे झटके त्याच्या चार-पाचपट जातात, ती जागा ठेवावी लागते. सीडीपेक्षा रेकॉर्डला अ‍ॅम्पची खुंटी जास्त फिरवावी लागली तर ते बिघाडाचं लक्षण नाही. लो-कटचं बटण दाबलं आणि वूफर स्थिर झाला. गाण्यातलं काही कमी झाल्याचं काकूंना जाणवलं नाही. तबल्याच्या बायाची घुमारदार मिंडसुद्धा या कापाकापीच्या बरीच वर असते. सुईचा दाब काट्यावर तोलून २ ग्रॅम केला, तो आधी बराच कमी होता.

ट्रंकेतल्या ७८

भाच्याची कल्पना होती की तीन वेगांचा टर्नटेबल आहे, तेव्हा ७८ही वाजतील. वाजल्या, पण नुसती खरखर आणि त्यामागे कुठे तरी बाई गातायत. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, जिथे शंभर वर्षांची धूळ आणि पोलादी सुयांचा चुरा असतो. ७८ला सुमारे ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉन गोलाईची सुई लागते. व्हीएम९५च्या बॉडीवर तशी एसपी नावाची सुई नुसती ओढून बदलता येते. दाब मात्र २ ग्रॅमऐवजी ५ ग्रॅम ठेवावा लागतो, आणि परत एलपी लावताना तो आठवणीनं उतरवावा लागतो. भाच्यानं टर्नटेबलच्या झाकणावर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

सुई बदलल्यावर आवाज सापडला, पण तो जाड आणि झाकोळलेला. इथे दोष प्रीअ‍ॅम्पचा नाही, त्याच्या प्रामाणिकपणाचा आहे. तो आरआयएए लावतो, आणि १९५४ आधीच्या तबकड्या त्या प्रमाणानं कापलेल्याच नाहीत. प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब असे. अनेक ७८मध्ये वरचे स्वर मुद्दाम चढवलेलेच नसत. आरआयएए १० हजार हर्ट्झला जवळपास १४ डीबी खाली आणतं, म्हणजे जे कधी चढवलंच नव्हतं तेही दाबलं जातं. असे वेगवेगळे हिशेब, म्हणजे वक्र, निवडता येणारे प्रीअ‍ॅम्प मिळतात, पण त्यांची किंमत या सगळ्या संचाएवढी. दोन-तीन डझन तबकड्यांसाठी ते घेणं मला पटेना. अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवून, बास थोडा कमी करून ऐकण्याजोगं काम होतं. अ‍ॅम्पला मोनोचं बटण असेल तर ते जरूर दाबावं: ७८ची खाच आडवी डुलते, उभ्या हालचालीत फक्त खरखर असते, आणि मोनो केल्यावर ती बरीचशी एकमेकांत विरून जाते. काकूंच्या अ‍ॅम्पला ते बटण नाही. म्हणून या तबकड्या एकदाच लॅपटॉपवर उतरवायच्या, मोनो करायच्या, वक्र तिथेच दुरुस्त करायचा असं ठरलं आहे. निम्म्या झाल्या आहेत.

बिननावाची डबी भाच्याच्या मित्राकडे गेली. त्यानं तिला पाठीमागे भोक पाडून स्वतः अर्थचा स्क्रू बसवला आणि दुसरा अ‍ॅडॅप्टर लावला. चालते आहे म्हणतात. भाचा आता एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज घ्यावं का म्हणून विचारतो. त्याचा सिग्नल ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट, त्याला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, तो या डबीत नाही. शिवाय सुई झिजली की नुसती सुई बदलता येत नाही, आणि ७८ची सुई अडकवायची सोय गेली ती गेलीच. त्याला नाही म्हणून सांगितलं आहे. त्या पैशात वाकलेल्या एलपी उभ्या ठेवायला एक सागवानी रॅक होतो, आणि काकूंनी सुताराला माप दिलंय.